मला रस्त्यापर्यंत पोचवा

तेजल ओव्हाळ कशाला भीत नाही, ते सांगणं सोपं जाईल. पेन्सिलीला भीत नाही आणि लहान मुलांना भीत नाही. बाकी सगळा आनंद आहे. पाल, कुत्रा, लिफ्ट, घाटातलं वळण, कुकरची शिट्टी, इतकंच काय, फुगासुद्धा. फुगा फुटेल म्हणून ही पोरगी कुणाच्या वाढदिवसाला जात नाही. घोरावाडी स्टेशनवर गाडीत चढताना फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीकडे बघायला नको म्हणून ती डोळे मिटून पाय टाकते. मी एकदा रागावून म्हणालो, "अगं, असे डोळे मिटलेस तर त्या फटीतच जायचीस." तर म्हणाली, "सर, उघडे ठेवले तर पायच उचलत नाही."

मी सोमाटण्याचा. तळेगावच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून जन्म काढला. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला पोरं बसवली आणि सरळ रेघ सरळच आली पाहिजे यासाठी पुष्कळांचे कान पिळले. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा बरं, म्हणून 'कोरा कागद' नावाच्या संस्थेत जायला लागलो. देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतच्या सरकारी शाळांमधून, वस्त्यांमधून ही संस्था मुलांना चित्रं काढायला शिकवते. जिथे चित्रकलेच्या तासाला राहिलेलं गणित उरकून घेतात, अशाच जागा आमच्या वाट्याला. तेजल तिथे माझ्या आधीपासून होती. पुण्यात चित्रकलेची पदविका केलेली, वडील तळेगावच्या कंपनीत कामाला, आई भागुबाई अंगणवाडीत मदतनीस. एवढ्या धीट बाईच्या पोटी हे असं सशाचं काळीज कसं आलं कुणास ठाऊक. भागुबाई मला म्हणाल्या होत्या, "सर, आमची भित्री आहे, सांभाळा." मी म्हणालो, "मलाच कोणी सांभाळा."

पण मुलं तिच्यावर जीव टाकत. याचं कारण तिची भीतीच. वर्गात पाल दिसली की तेजल बाकावर चढायची आणि ज्या पोराला अख्खी शाळा मठ्ठ म्हणते ते पोर झाडू घेऊन पुढे व्हायचं. "ताई, भिऊ नका, मी हाय." त्या दिवसापासून ते पोर चित्र काढायला लागायचं. मी तीस वर्षं कान पिळून जे केलं नाही ते ही बाकावर चढून करायची. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

संस्था काढली प्रेरणाताईंनी. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण संस्थेत सगळे ताई आणि दादा, तेव्हा आमच्याही ताईच. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. मुलाच्या चित्राकडे बोट दाखवून 'हे काय काढलंस?' असं विचारायचं नाही. विचारलं की मूल बिचकतं आणि मग मोठ्यांना समजेल तेवढंच काढायला लागतं. मी भांडलो होतो. म्हटलं, घोडा आहे का गाढव ते विचारायचंच नाही? त्या हसून म्हणाल्या, "सर, त्याला ठाऊक आहे ना, मग झालं." आमच्यात हा नियम इतका मुरला की आम्ही चित्रं बघायचो, वा म्हणायचो, भिंतीवर लावायचो. काय बघितलं ते कुणालाच माहीत नसायचं.

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत पायरवाडी म्हणून एक वस्ती होती. होती असंच म्हणायला लागतं आता. पन्नासएक माणसांची वस्ती, भातखाचरं, चार म्हशी, शनिवार-रविवारी बायका खाली रस्त्यावर टूरिस्टांना कणसं भाजून विकायच्या. मुलं खालच्या शाळेत यायची आणि दर बुधवारी तेजल वर जाऊन देवळाच्या ओट्यावर त्यांचा वर्ग घ्यायची. डांबरी रस्ता संपला की पुढे पायवाट, मध्ये ओढा, ओढ्यावर घसरडे दगड. वर जाताना मुलं तिला न्यायला यायची. खाली येताना मात्र दत्तोबा.

दत्तोबा म्हणजे वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस. मुलगा आणि सून शेताचं बघायचे, दत्तोबा गाय बघायचा. पहिल्याच बुधवारी वर्ग संपल्यावर तेजल ओट्यावर नुसती उभी राहिली, ओढ्याकडे बघत. त्याने काठी उचलली. "चल, पोचवतो." तिने संकोचून नको म्हटलं तर म्हणाला, "नको कसं? आल्या पाव्हण्याला रस्त्यापतूर पोचवायचं, ही आमची रीत हाय. पाव्हणी एकली गेली तर वाडीला नाव ठिवतील." आणि खरंच, पुढे कधीही, ऊन असो, ताप असो, तो तिला रस्त्यापर्यंत आणून सोडायचा आणि आमची गाडी दिसेपर्यंत हलायचा नाही.

त्या आषाढात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मावळात पावसाचं कौतुक नाही कुणाला, पण तो पाऊस म्हातारी माणसंही दाराशी उभी राहून बघायची. अशा एका बुधवारी तेजलने मुलांना सांगितलं, पाखरू होऊन वर गेलात तर तुमची वाडी कशी दिसेल ते काढा. दत्तोबाची नात ईश्वरी, चौथीतली, तिने घरं काढली, खाचरं काढली, पिंपळ काढला, आजाची गाय काढली. आणि घरांच्या वर, डोंगराच्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड काळा पट्टा ओढला. वेडावाकडा, खडू दाबून दाबून काढलेला.

दुसरं कुणी असतं तर 'वा' म्हणून पुढे गेलं असतं. नियमच तसा. पण तेजलला तो साप वाटला. चित्रातला का असेना, तिचा हात मागे आला आणि तोंडातून निघून गेलं, "ईश्वरी, हा साप आहे का गं?"

पोरगी हसली. "साप न्हाई ताई. फट हाय ती. डोंगराची."

"कुठली फट?"

"वर हाय की. आमी उडी मारायचो तिच्यावरनं. आता न्हाई येत मारता, मोठी झालीया."

हे तेजलने मला त्याच संध्याकाळी संस्थेच्या खोलीत सांगितलं. सांगताना तिचे ओठ पांढरे पडले होते. मी सवयीने थट्टा केली. म्हटलं, परवा तू झाडूच्या काडीला विंचू म्हणालीस. तिने कपाट उघडलं आणि पायरवाडीच्या मुलांची जुनी चित्रं काढून जमिनीवर मांडत गेली. दिवाळीतल्या चित्रांत डोंगर कोरा होता. होळीनंतरच्या चित्रांत कुठे कुठे पेन्सिलीची बारीक रेघ होती. मी ती तेव्हा विजेची तार समजलो होतो. शाळा सुरू झाल्यानंतरच्या चित्रांत ती जवळजवळ प्रत्येकाकडे होती. पोरं एकमेकांची नक्कल करतात असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. आणि आजच्या कागदांवर तो काळा पट्टा. मी त्या चित्रांच्या मध्ये उभा होतो. एवढी मुलं आम्हाला महिनोन् महिने सांगत होती आणि आम्ही वा, वा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी, तेजल आणि आमचा ड्रायव्हर कैलास वर गेलो. माझे गुडघे ओरडत होते, पण बघितल्याशिवाय राहवेना. दत्तोबाने आम्हाला घरांच्या मागून, कारवीच्या झुडपांतून वर नेलं. फट मला लांबून दिसलीच नाही, गवत वाढलेलं. त्याने काठीने गवत बाजूला केलं. जमीन फाटली होती. वरचा काठ आणि खालचा काठ सरळ रेषेत नव्हते, खालचा बसला होता, पायरीसारखा. आतून पाण्याचा आवाज येत होता. दत्तोबाने काठी आत घातली, ती मुठीपर्यंत गेली आणि तळ लागला नाही.

"आबा, हे धोक्याचं आहे," तेजल म्हणाली. ती माझी बाही धरून उभी होती.

"पावसात डोंगर फुगतो, उन्हाळ्यात बसतो. आमचा आजा बी हेच बघत मेला." मग तिच्याकडे बघून हसला. "पोरी, तू पालीला बी भितीस."

वस्तीत बसून आम्ही सगळ्यांना सांगितलं. मी सांगितलं, कैलासने सांगितलं, पण त्यांचं लक्ष तेजलकडेच, कारण ओळख तिची. आणि तिची ओळख म्हणजे भित्री ताई. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने तिला चहा दिला आणि म्हणाली, "ताई, तुमी घाबरू नका, आमी हाव ना." हेच वाक्य वर्गात पोरं म्हणायची तेव्हा किती गोड वाटायचं. त्या दिवशी ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. पाऊस ओसरला की माणूस येऊन बघून जाईल, असं उत्तर आलं. पाऊस ओसरला की बघणार काय, हे मी विचारलं नाही, कारण फोन ठेवला गेला होता.

तेव्हा युक्ती तेजलनेच काढली. आमचं चित्रांचं प्रदर्शन दर वर्षी जानेवारीत असतं. त्यात संस्थेची एक पद्धत आहे, मुलाने स्वतः आईबापाचा हात धरून त्यांना आपल्या चित्रापुढे उभं करायचं. आईबाप नसतील तर आजी-आजोबा, पण कुणीतरी आलंच पाहिजे, नाहीतर ते चित्र भिंतीवर उलटं लावतात. क्रूर पद्धत आहे असं मी नेहमी म्हणायचो. पण तिच्यापायी दारुडे बापसुद्धा अंघोळ करून येतात. तेजल म्हणाली, पायरवाडीचं प्रदर्शन पुढच्याच बुधवारी घेऊ, खाली शाळेच्या हॉलमध्ये. दिवसभर चित्रं, रात्रीचं जेवण तिथेच, आणि पाऊस फार असला तर मुक्कामही. एकदा माणसं खाली आली की पुढचं पुढे बघू.

ते सहा दिवस तिने कसे काढले ते मी बघितलंय. ती जेवायची नाही. खिडकीत उभी राहून डोंगराकडे बघायची, आणि ढगांमुळे डोंगर दिसायचाही नाही. पावसाचा जोर वाढला की माझी बाही धरायची. मीही हात सोडवून घ्यायचं बंद केलं.

मंगळवारी संध्याकाळी जाहीर झालं की अतिवृष्टीमुळे उद्या सगळ्या शाळांना सुट्टी. प्रेरणाताई म्हणाल्या, अशा पावसात लेकरांना खाली आणणं बरोबर नाही, पुढे ढकलू. तेजल त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "ताई, ती चित्रं भिंतीवर उलटी लावावी लागतील. सगळी." प्रेरणाताईंनी हॉलची किल्ली मागवली.

बुधवारी सकाळी पायरवाडी खाली उतरली. पोरांनी रात्रभर हट्ट करून आईबापांचा जीव खाल्ला होता. कडेवर तान्ही, डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद, शिव्या देत, कुरकुरत सगळे आले. कैलासने रस्त्यापासून गाडीच्या फेऱ्या मारल्या. हॉलमध्ये ओल्या कपड्यांचा वास आणि भिंतीभर चित्रं. पोरं हात धरधरून मोठ्यांना ओढत होती. त्या गर्दीत ईश्वरी एकटी आपल्या चित्राखाली उभी होती. आईबाप आले होते तरी. तिला आजाच हवा होता, गाय काढली होती ना त्याच्यासाठी.

"आबा कुठे?" तेजलने विचारलं.

"घरी. पवळी गाय आज-उद्या व्याईल, म्हनून न्हाई आले." मग पोरगी सहज म्हणाली, "आज आमचं दारच लागंना, ताई. चौकट वाकडी झालीया. आबांनी दगड लावला दाराला."

तेजलने माझ्याकडे बघितलं. घराची चौकट एका रात्रीत वाकडी होते म्हणजे काय, ते सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पायाखालची जमीन निघाली होती. ईश्वरीचा बाप म्हणाला, म्हातारा ऐकणारा नव्हे, सकाळी हाताला धरून ओढलं तर काठी उगारली. तो पुन्हा जायला निघालाही. तेजल म्हणाली, "तुम्ही गेलात तर ते पुन्हा काठी उगारतील. मी जाते." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती दाराबाहेर होती. मी मागे धावलो. कैलासने गाडी काढली.

रस्ता संपला तिथे मी उतरलो, पण माझ्या गुडघ्यांनी ओढा ओलांडणं शक्य नव्हतं. कैलासला तिने बरोबर येऊ दिलं नाही. दोघं न्यायला आले की आबांना ओढाओढ वाटेल, आणि गाडी चालू ठेवून तयार पाहिजे, असं म्हणाली. ओढ्याचं पाणी लाल होतं, चहासारखं नव्हे, भिजलेल्या विटेसारखं. पहिल्या दगडावर पाय ठेवताना तिने डोळे मिटले. मग दुसऱ्या. पलीकडे पोचली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मी तिथे छत्री धरून उभा राहिलो. छत्रीचा काही उपयोग नव्हता. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. देवाचं नाव घ्यायला गेलो तर आठवेना.

वर काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोन्ही सारखंच निघालं.

वस्ती रिकामी होती. कुत्रीही नव्हती. पायवाटेवर बारीक खडे एकटेच घरंगळत येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. दत्तोबाच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं. तो गाईच्या पाठीवर हात फिरवत बसला होता.

"आबा, चला. डोंगर येणार आहे."

"येऊ दे. गाय अडलीया, हिला टाकून मी चित्रं बघाया येऊ?"

तिने विनवलं. ईश्वरीचं नाव घेतलं. तो ढिम्म हलला नाही. तेव्हा वरच्या अंगाला काहीतरी कडकन मोडलं, झाड असेल. आणि तेजलचं सगळं अवसान गेलं. ती गोठ्याच्या दारात खाली बसली आणि लहान पोरासारखी रडायला लागली.

"आबा, मला भीती वाटते. मला एकटीला खाली जाता येणार नाही. मला रस्त्यापर्यंत पोचवा."

"आलीस तशी जा की."

"नाही जाता येत. पायच उचलत नाहीत."

म्हातारा पुटपुटत उठला. पाव्हणी दारात रडत बसली आणि तिला पोचवलं नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. त्याने घोंगडी घेतली, काठी घेतली. गाईच्या पाठीवर थाप मारली. "आलोच गं, पवळे. हिला सोडून आलोच."

गाय दाव्याला बांधलेली होती. तेजलला ती दिसत होती. दावं सोडा असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं तर त्याला कळेल की आपण परत येणार नाही, आणि मग तो पुन्हा खाली बसेल. तिने ओठ मिटले आणि त्याचा हात धरला.

ओढ्याच्या पलीकडे मला ती दोघं दिसली तेव्हा मी मोठ्याने रडलो. दत्तोबा पुढे, काठीने दगड चाचपत, आणि तेजल त्याची घोंगडी घट्ट धरून मागे, या वेळी डोळे उघडे. अलीकडे आल्यावर त्याने तिचा हात सोडवला. "झालं, पोचवलं. जातो."

"गाडीपर्यंत या."

"ही काय गाडी."

"आत बसेपर्यंत या, आबा. पाया पडते."

तो चिडला. म्हणाला, शिकलेली पोर आणि इतकं भ्यावं का माणसानं. तरी गाडीपर्यंत आला. एक पाय त्याने माघारी वळवलाच होता, तेव्हा आवाज आला. मला वाटलं होतं कडकडाट होईल. तसं काही नव्हतं. डंपरमधून खडी ओतावी तसा घरघर आवाज, फक्त तो थांबेना. जमीन पायाखाली हलली. कैलासने दोघांना धरून आत ढकललं आणि गाडी उलटी पळवली. धुक्यामुळे आम्हाला काही दिसलं नाही. फक्त ओल्या मातीचा आणि मोडलेल्या झाडांचा वास आला, इतका की श्वास घेववेना.

आवाज थांबला. दत्तोबा काचेतून मागे बघत होता. "पवळी," एवढंच म्हणाला.

पायरवाडीतलं एकही माणूस गेलं नाही. घरं गेली, म्हशी गेल्या, देऊळ गेलं, पिंपळाचा शेंडा तेवढा राहिला. पुढचे कित्येक दिवस सगळी वस्ती त्या हॉलमध्ये राहिली, भिंतीवरच्या चित्रांखाली. नसलेल्या घरांच्या चित्रांखाली माणसं पसरून झोपायची. एक बाई आपल्या मुलाच्या चित्रातल्या दारावर बोट ठेवून रोज काहीतरी पुटपुटायची. आम्ही चित्रं काढून ठेवू म्हणालो तर कुणी काढू दिली नाहीत.

कॅमेरेवाले आले. त्यांनी तेजलला धाडसी म्हटलं. ती म्हणाली, "मी घाबरले होते." त्यांनी ते कापलं. प्रेरणाताईंनी नियम बदलला. आता आमच्याकडे प्रत्येक चित्रापुढे 'हे काय आहे?' असं विचारतात, पोरं वैतागतात.

दत्तोबा मात्र तेजलशी बोलत नव्हता. नंतर वस्तीला गावाबाहेरच्या मैदानात पत्र्याच्या शेड मिळाल्या. तेजल दर बुधवारी तिथे वर्ग घ्यायची आणि म्हातारा तोंड फिरवून शेडच्या मागे जाऊन बसायचा. तिने हसणं, कुणाची थट्टा करणं सोडून दिलं होतं. तिला रात्री स्वप्नात दावं दिसतं, असं भागुबाईंनी मला सांगितलं.

दसरा झाल्यावरच्या एका बुधवारी मीही बरोबर होतो. वर्ग आटोपला, मी कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि आम्ही निघालो. दत्तोबा शेडच्या कडेला उभा होता. आज त्याने तोंड फिरवलं नाही.

"तुला ठावं व्हतं, मी माघारी जाणार न्हाई म्हनून?"

तेजल थांबली. "हो, आबा."

"मग दावं सोडा, असं का न्हाई म्हनलीस?"

"म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता."

त्या पोरीने पाऊस, ओढा, डोंगर सगळं बघितलं होतं आणि आता ती या म्हाताऱ्याच्या उत्तराला भीत होती. तिने माझी बाही धरली.

"न्हाई आलो असतो," तो म्हणाला. मग जवळ आला. "येक सांग. तवा तू रडलीस, पोचवा म्हनलीस. ते खरं व्हतं का सोंग व्हतं? मला न्यायाला केलेलं?"

"सोंग नव्हतं, आबा. मला खरंच उतरता येत नव्हतं." तिचे डोळे भरले. "अजून भीती वाटते. रोज वाटते."

दत्तोबाने मान हलवली. शेडमधून काठी आणली. समोर सपाट डांबरी रस्ता होता, दिवे लागलेले होते, आमची गाडी तिथून दिसत होती.

"मग ठीक हाय," तो म्हणाला. "चल, पोचवतो."